मॉरिस की एमजी?

“सोळा मिनिटं, वीस सेकंद,” श्रीरंग म्हणाला आणि हातातलं घड्याळ त्यानं माझ्या नाकासमोर नाचवलं. “लिही.”

मी वहीत लिहिलं. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर कठड्याला लागून एमजी उभी होती. इंजिन बंद केलं तरी निवताना बारीक आवाज करत होती. डोक्याला बांधलेला माझा रुमाल दुसऱ्याच वळणावर उडून दरीत गेला होता, दातांत धूळ कचकचत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. तिशी गाठलेली मी एक डॉक्टरीण, पण त्या क्षणी कोणी मला शाळेतून पळून आलेली मुलगी समजलं असतं तरी चाललं असतं.

“आता खाली उतरू आणि मॉरिस वर आणू,” तो म्हणाला.

“आजच?”

“आजच. तोच घाट, तेच ऊन, तोच चालवणारा. नाहीतर तुलना कसली?”

“चालवणारी,” मी म्हटलं.

“हो. चालवणारीच.”

मॉरिस मायनरला पायथ्यापासून माथ्यापर्यंत चोवीस मिनिटं चाळीस सेकंद लागली. निम्मा घाट तिनं दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत काढला. एका वळणावर लाकडं भरलेला ट्रक पुढं होता, त्याला मागं टाकण्याइतका जोर तिच्यात नव्हता, म्हणून आम्ही त्याचा धूर खात वर आलो. मी तोंड वाकडं केलं तेव्हा श्रीरंग म्हणाला, “हसू नकोस. हिचं इंजिन तापलं नाही, हे लिही. क्लचला वास आला नाही, हेही लिही.”

मी तेही लिहिलं.

हे एकोणीसशे एकोणसत्तरच्या मार्चमधलं. कोयनेचा भूकंप होऊन सव्वा वर्ष झालं होतं. भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी श्रीरंग आणि मी मुंबईहून मदतपथकाच्या ट्रकमधून आलो होतो. लग्नाला दोन वर्षं झालेली. मेडिकल कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे घरात आम्ही एकमेकांना अरे-तुरेच करायचो. पेशंटांसमोर मात्र मी त्याला ‘डॉक्टर’ म्हणायची. पंधरा दिवसांसाठी आलेलो आम्ही. सोळाव्या दिवशी पडलेल्या शाळेच्या पटांगणात लोक जमले, कोणीतरी विचारलं, “तुम्ही गेल्यावर आमचं कसं?” आणि श्रीरंग उठून उभा राहिला. “आम्ही दोघं इथंच राहणार,” तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला मुंबईत सर्जरीची जागा मिळाली होती, ती मी दुसऱ्या दिवशी पत्रानं नाकारली. त्यानं मला विचारलं नव्हतं हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. इतका तो सुंदर बोलला होता.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. मागं आमची एक खोली. गावं डोंगरांवर विखुरलेली. मोठं ऑपरेशन करायचं तर कराड, साठ किलोमीटर. एसटी दिवसातून दोन. गाडी नव्हती म्हणून त्या वर्षात आमच्या डोळ्यांदेखत तीन माणसं गेली, त्यांची नावं मला आजही सांगता येतील.

गाड्या मिळाल्या त्या आबासाहेब निकमांमुळे. पाटणला त्यांचं घर. उमेदीत त्यांनी रस्त्यांची आणि पुलांची कंत्राटं घेतली होती. आता सत्तरी उलटलेली आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. एमजी त्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअरकडून घेतली होती: दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची, तांबड्या कातड्याच्या बैठकीची. मॉरिस मायनर बायकामुलांसाठी, चार दारांची. गाड्या दिसत नव्हत्या, पण रोज सकाळी ते ड्रायव्हरला दोन्ही इंजिनं सुरू करायला लावायचे आणि ओसरीवर बसून ऐकायचे.

“एक दवाखान्याला देणार,” ते आम्हाला म्हणाले होते. “दुसरी मुंबईच्या एका शौकिनाला. तो दोन्हींसाठी मागं लागलाय, पण मी एकच द्यायची म्हणतो. तुम्ही पंधरा दिवस दोन्ही न्या. घाटात पळवा, चिखलात घाला, पेशंट बसवा. मग सांगा मला, कोणती.”

श्रीरंगनं ते काम असं अंगावर घेतलं, की परीक्षेच्या वेळीसुद्धा मी त्याला इतकं मन लावून काही करताना पाहिलं नव्हतं. त्यानं एक वही केली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडं एमजी, उजवीकडं मॉरिस. वेग, चढण, पेट्रोल, वळण घ्यायला लागणारी जागा, किती माणसं, किती सामान. पण पहिले तीन दिवस संपल्यावर वेगाबिगाचं त्याला फारसं राहिलं नाही. त्याची परीक्षा दुसऱ्याच दिशेनं वळली.

“चाक बदल,” एका दुपारी तो म्हणाला. आम्ही हेळवाकच्या पुढं रस्त्याच्या कडेला होतो. पंक्चर काही झालं नव्हतं.

“मी?”

“तू. दोन्ही गाड्यांचं. मी इथं नाहीच असं समज.”

आणि तो खरोखरच दगडावर बसून राहिला. मी पदर खोचला, जॅक लावला, नट सोडवताना पान्यावर उभी राहिले. एमजीचं चाक तिच्या पाठीवर उभं बांधलेलं असे, ते काढताना माझ्या नखातून रक्त आलं. तो उठला नाही. फक्त वेळ बघत होता. मॉरिसचं चाक मी अकरा मिनिटांत बदललं, तेव्हा त्यानं टाळी वाजवली.

मग हँडल. बॅटरी उतरली तर पुढून हँडल मारून इंजिन सुरू करायचं. “अंगठा दांड्याभोवती गुंडाळू नकोस,” तो सांगायचा. “बोटांच्याच बाजूला ठेव. हँडलनं उलटा झटका दिला तर मनगट जाईल. तुझं मनगट गेलं तर दवाखाना गेला.” मॉरिस माझ्या दुसऱ्या झटक्याला सुरू व्हायची. एमजी रुसायची.

मग पेट्रोलचा पंप. दोन्ही गाड्यांत तो विजेवर चाले आणि टिकटिक करे. टिकटिक थांबली की गाडी थांबणार. “घाबरायचं नाही. बॉनेट उघडायचं आणि पान्याच्या मुठीनं हलकंच ठोकायचं. हलकं. मूल रडत नाही म्हणून पाठीवर थोपटतो ना, तसं.”

आरशाची उंची, बैठकीचं अंतर, माझा पाय क्लचवर पूर्ण पोचतो की नाही, पाऊस आल्यावर एमजीचं कापडी छत मला किती मिनिटांत चढवता येतं, सगळं त्यानं बघितलं आणि सगळं लिहून घेतलं. एवढी काळजी त्यानं माझी कधी केली नव्हती. भूकंपानंतर तो जरा हरवल्यासारखाच झाला होता. बारीक धक्के अजून यायचे. धक्का आला की तो अंगणात जाऊन उभा राहायचा आणि बराच वेळ आत यायचा नाही. पायांत चपला घालूनच झोपायचा. मला वाटे, पेशंटांसाठी तयार राहतो. त्या पंधरा दिवसांत मात्र तो जागा होता, मोकळा होता, आणि त्याचं सारं लक्ष माझ्या हातापायांवर होतं. मी वेडी सुखात होते.

नवव्या दिवशी मॉरिस पाटणला सुताराकडं होती. पुढची एक बैठक काढून तिथून मागच्या बाकापर्यंत फळी टाकली तर माणूस आडवा झोपवता येईल, ही श्रीरंगचीच कल्पना. दवाखान्यात एमजीच होती, आणि नेमकं अकराच्या सुमाराला डोंगरावरच्या वाडीतून चौघांनी घोंगडीच्या झोळीतून अनुसयेला आणलं. पहिलटकरीण. मूल आडवं, एक हात बाहेर आलेला. हात लावताक्षणी आम्हा दोघांनाही कळलं, इथं काही होणार नाही.

“कराड,” मी म्हटलं. “तू ने. तू लवकर पोचशील.”

“तू ने.”

“श्रीरंग, ही वेळ आहे का शिकवण्याची?”

“दोनच बैठका आहेत. वाटेत काही झालं तर बाईमाणूस बरोबर हवं. तू ने, चारू.” त्यानं किल्ली माझ्या हातात दाबली.

अनुसयेला शेजारी बसवलं, उशा लावल्या, पातळानं बैठकीला बांधलं. तिचा नवरा मागच्या सामानाच्या खबदाडीत गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि त्यानं मागून तिचे खांदे धरले. मी गाडी सोडली. एमजी काय गाडी होती म्हणून सांगू! मनात यावं आणि तिनं पळावं. सत्तर मिनिटांत कराड. त्या रस्त्यानं इतक्या कमी वेळात मी पुन्हा कधी गेले नाही. पण दर खड्ड्याला ती पोरगी जी ओरडत होती, ते मी अजून विसरलेली नाही. तिला पाठ टेकायची होती आणि टेकायला जागाच नव्हती. कराडला सर्जननं पोट उघडलं. मुलगी झाली, आई वाचली.

संध्याकाळी परतले. श्रीरंग पायरीवर बसला होता. मी त्याच्याशेजारी बसले आणि म्हटलं, “मॉरिस घेऊ या.”

“नक्की? तुझं मन एमजीत आहे.”

“मन राहू दे. मॉरिसला अर्धा तास जास्त लागला असता, पण ती आडवी झाली असती. शिवाय तिचा नवरा, तिची सासू, सलाइनची बाटली, तू, सगळे मावलो असतो.”

“नक्की?” त्यानं पुन्हा विचारलं.

“नक्की.”

त्यानं डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. मला वाटलं, एमजी जाणार म्हणून त्याला वाईट वाटतंय. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

एमजी मुंबईला पोचवायला तोच निघाला. आबासाहेबांचा ड्रायव्हर होता, पण श्रीरंग म्हणाला, “मीच जातो. औषधंही आणायचीत, आणि घैसासची पुस्तकं कधीची राहिलीत माझ्याकडं.” घैसास आमचा वर्गमित्र, दादरला राहायचा. पुस्तकांची ट्रंक शेजारच्या बैठकीवर ठेवली. हलू नये म्हणून दोरी मी आवळली. सोमवारची सकाळ होती. “शुक्रवारी येतो,” तो म्हणाला. वळणावर त्यानं हात वर केला, मागं वळून पाहिलं नाही.

शुक्रवार गेला. शनिवार, रविवार गेला. तार नाही, पत्र नाही. गाडी बिघडली असेल, अपघात झाला असेल, सगळं मनात येऊन गेलं. मंगळवारी मी मॉरिस काढली आणि पाटणला गेले. मुंबईच्या त्या गृहस्थाचा काही निरोप असला तर आबासाहेबांकडंच असणार.

ते ओसरीवर आरामखुर्चीत होते. मी फाटकाशी थांबले तेव्हाच त्यांनी मान वर केली.

“मॉरिस आली,” ते म्हणाले. “एकच दार वाजलं. म्हणजे बाई, तुम्ही एकट्याच. छान चालवता. डॉक्टर म्हणालेच होते, बाई चार दिवसांत हात बसवतील.”

“आबासाहेब, एमजी पोचली का? डॉक्टरांचा काही निरोप?”

“उद्या देतील गाडी. त्या शौकिनाचा फोन होता. गुरुवारी सकाळी बोट सुटतेय, तवर गाडी डॉक्टरांना वापरू देऊ का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, वापरू द्या की. जाताना चार दिवस मजा करू दे.”

“कसली बोट?”

मला वाटतं माझा आवाज फार हळू निघाला. त्यांना वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“विलायतेची,” ते मोठ्यानं म्हणाले. “वाटेतला मोठा कालवा बंद आहे, आता सगळ्या बोटी लांबून वळसा घालून जातात म्हणे, महिना लागतो. चहा घ्याल ना?” त्यांनी आत हाक मारली आणि पुन्हा माझ्याकडं तोंड केलं. “खरं सांगू का, माघात डॉक्टर आले न् म्हणाले, आबासाहेब, मी निघालो, नोकरी मिळाली तिकडं, तेव्हा मला राग आला होता. शब्द दिलेला माणूस. पण ते म्हणाले, दवाखाना बंद पडणार नाही. बाई राहणार आहे, तिची तशीच इच्छा आहे. तिला घाटात एकटीला झेपेल अशी गाडी तेवढी द्या. मी म्हटलं, माझ्याकडं दोन आहेत, कोणती झेपते ते तिलाच चालवायला लावून बघा. म्हणून तर पंधरा दिवस दिल्या.”

मी खांबाला धरून उभी होते. समोर बसलेल्या माणसाला माझा चेहरा दिसत नव्हता आणि ते बोलत होते.

“तुमचं मन मोठं, बाई. नवऱ्याला हसत जाऊ देणारी, आणि मागं गावाचं ओझं उचलणारी, मी तरी बघितली नाही. डॉक्टर निघाल्यापासून वाडीवाडीत सांगतोय मी लोकांना.”

“निघते मी,” मी म्हटलं.

“चहा?”

“पेशंट आहेत.”

त्यांना खरं काय ते मी सांगितलं नाही. सांगायला मला स्वतःला आधी ते कळायला हवं होतं. घरी येऊन मी ती वही उघडली. पानांमागून पानं; पहिली माझ्या अक्षरात, पुढची सगळी त्याच्या. डावीकडं एमजी, उजवीकडं मॉरिस. त्यात कुठंही ‘आम्ही’ नव्हतं. ‘चाक – ११ मि., मदतीशिवाय.’ ‘हँडल – जमते.’ ‘रात्री पंप बंद पडल्यास – जमेल.’ त्याच्या रेखीव अक्षरात मी एकटी घाट चढत होते, एकटी उतरत होते.

बुधवारी उजाडायच्या आत मी निघाले. कराड, सातारा, पुणे. याआधी मी कधी कराडच्या पुढं गाडी नेली नव्हती. कात्रजला पंपाची टिकटिक थांबली. मी बॉनेट उघडलं, पान्याच्या मुठीनं हलकंच ठोकलं, टिकटिक सुरू झाली, आणि मला त्या पान्यानं सगळं इंजिन फोडून टाकावंसं वाटलं. त्यानं शिकवलेलं एकूणएक कामाला येत होतं. लोणावळ्याला पाणी भरलं. दुपारी तीनला दादरच्या हिंदू कॉलनीत पोचले. घैसासच्या इमारतीखाली, झाडाच्या सावलीत एमजी उभी होती. छत उतरवलेलं.

दार घैसासच्या बायकोनं, लीलानं उघडलं. “अगं बाई, आलीस!” तिनं माझे हात धरले. “बरं केलंस. भाऊजी म्हणत होते, तुला निरोप देणं सोसणार नाही म्हणून तू येत नाहीयेस.” मग तिनं माझं तोंड नीट पाहिलं आणि तिचे हात सुटले. “तुला... चारू, तुला ठाऊक आहे ना?”

“काल कळलं,” मी म्हटलं.

श्रीरंग आतल्या खोलीत ट्रंक भरत होता. ट्रंकेत पुस्तकं नव्हती. कपडे होते, लोकरीचे. मला पाहून तो उभा राहिला. भीती वाटली त्याला, ती दिसली. पण त्याच्या तोंडून जे निघालं ते असं:

“मॉरिस घेऊन आलीस? एकटी? कात्रजच्या चढणीला तापली नाही ना?”

माझ्या आयुष्यात मला इतकं लागलेलं दुसरं वाक्य नाही.

“नाही तापली,” मी म्हटलं. “कधीपासून ठरलं होतं?”

“दिवाळीपासून अर्ज करत होतो. जानेवारीत पत्र आलं.” तो पलंगाच्या कडेवर बसला. “चारू, मला तिथं झोप लागत नाही. जमिनीखाली काहीतरी हलतंय असं सारखं वाटतं. पेशंटच्या छातीला नळी लावली तरी मी खालचाच आवाज ऐकत असतो. मी मरेन तिथं.”

“हे मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस.”

“मी?”

“तू खंबीर आहेस. तुझ्यासमोर मला लाज वाटायची. तू त्या लोकांत रमलीस. तुला तिथून उपटून नेण्याचा मला काय अधिकार होता? म्हणून मी विचार केला, निदान तुझी सोय लावून जावं. गाडी तरी अशी असावी, की माझ्यावाचून तुझं अडू नये.”

तो मनापासून बोलत होता. ते मला अधिकच भयंकर वाटलं. त्याला खरोखर वाटत होतं, की त्यानं माझ्यासाठी काही चांगलं केलंय.

“श्रीरंग,” मी म्हटलं, “मी रमले असं तुला कोणी सांगितलं?”

त्यानं मान वर केली.

“मला सर्जरीची जागा मिळाली होती. इथून दोन मैलांवर. तू पटांगणात उभा राहून आपण दोघं राहणार म्हणालास म्हणून मी ती सोडली. सव्वा वर्ष मी शेणानं सारवलेल्या खोलीत राहिले, ते गावासाठी नाही. तू तिथं होतास म्हणून.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस. आणि माझी तशी इच्छा आहे म्हणून सगळ्यांना सांगितलंस. आबासाहेबांना, लीलाला. गावाला दिलेला शब्द तुझा, आणि पाळायला मी.”

बाहेर लीला रडत होती, ते ऐकू येत होतं. श्रीरंगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मी नाही जात,” तो म्हणाला. “तू सांग, मी तिकीट परत करतो.”

त्या एका क्षणी मी हो म्हणाले असते तर तो थांबला असता. आणि पुढं जन्मभर मी त्याला थांबवलं असं त्यानं मानलं असतं. मी टेबलावरचा कागद घेतला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि पेन दिलं.

“लिही.”

“काय?”

“तू माझ्याबद्दल लोकांना सांगितलंस ते खोटं होतं, एवढंच. आणि खाली सही कर.”

त्याला बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यानं कागद दिला आणि म्हणाला, “मी तुझा गुन्हेगार आहे.” मी कागदाची घडी घातली. ‘गुन्हेगार’ हा शब्द कागदावर नव्हता. तो बोलायला सोपा होता. मी जिना उतरले. गिरगावात मावशीकडं राहिले, आणि सकाळी, बोट सुटायच्या वेळी, मी पनवेलच्या पुढं होते.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. मी चौदा महिने राहिले. सरकारी डॉक्टर नेमला जाईपर्यंत दर आठवड्याला जिल्ह्याला अर्ज टाकत राहिले, आणि तो आल्यावर त्याच्या हाती दवाखाना देऊन निघाले. बत्तिसाव्या वर्षी, माझ्याहून सहा-सहा वर्षांनी लहान पोरांबरोबर सर्जरीला उभी राहिले आणि पुढं अठ्ठावीस वर्षं ऑपरेशनं केली. श्रीरंगचं इंग्लंडहून एक पत्र आलं होतं, तीन पानी. मॉरिसचं तेल कधी बदलायचं, कोणत्या सांध्याला कधी ग्रीज भरायचं, सगळं होतं. ‘क्षमा’ हा शब्द कुठं नव्हता. ‘ग्रीज’ चार ठिकाणी होता. मी उत्तर दिलं नाही. चार वर्षांनी घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या, त्याही टपालानं.

पण मुंबईहून परतले त्या गुरुवारी मी घरी जायच्या आधी पाटणला थांबले होते. आबासाहेब ओसरीवरच होते. “बसा,” म्हणाले. मी बसले नाही. म्हटलं, “डॉक्टरांची चिठ्ठी आहे, वाचून दाखवते.” त्यांना दिसत नव्हतं, म्हणून माझ्याच तोंडानं वाचणं भाग होतं.

“ ‘आबासाहेब निकम आणि गावकरी मंडळी यांस. मी चारुशीलाला न सांगता परदेशी जात आहे. ती मागं राहणार, तिची तशी इच्छा आहे, हे मी तुम्हा सर्वांना सांगितलं. मी तिला विचारलं नव्हतं. श्रीरंग पोतनीस.’ ”

आबासाहेबांनी कान माझ्याकडं केला. म्हणाले, “परत वाचा.”

मी परत वाचली.

“मंगळवारी तुम्ही इथं उभ्या होता,” ते म्हणाले, “तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“नव्हतं.”

“आणि मी बडबडत बसलो.” त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. “डोळ्यांचं सोडा, बाई. माघात ते म्हणाले तेव्हाच मी तुम्हाला बोलवून विचारायला पाहिजे होतं. नवऱ्यानं सांगितलं, मी धरून चाललो.” मग म्हणाले, “आता विचारतो. दवाखाना बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला कोणती गाडी आवडली होती?”

“एमजी,” मी म्हटलं.

“अजून सौदा पक्का नाही. उद्या माणूस पाठवून परत आणवतो. बोला, आणू?”

मी रस्त्यावर उभ्या असलेल्या मॉरिसकडं पाहिलं. फळीवर सुतारानं मारलेलं पॉलिश अजून नवं दिसत होतं.

“नको,” मी म्हटलं. “तिच्यात पेशंट आडवा होत नाही.”

आणि मग, समोरच्या माणसाला दिसत नव्हतं म्हणून, मला रडता आलं.